पंगतीत कोण राहिलंय?

(शताब्दी सोहळ्यात दुसऱ्या दिवशी सायंकाळी हरिपाठानंतर झालेले भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवून उतरवून घेतले आहे.)





कालपासून दिंडीच्या 100 वर्षांबद्दल पुष्कळ चांगलं बोलून झालं. बैलगाडीतल्या सामानापासून ट्रक आणि टँकरपर्यंतचा प्रवास आपण ऐकला. मी काही कीर्तनकार नाही. आरोग्य खात्यात आयुष्यभर नोकरी केलेला, वाड्यावस्त्यांवर दारोदार फिरलेला माणूस. ‘म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीवर दोन शब्द बोला,’ असं मला सांगण्यात आलंय. आता तब्येत म्हटलं की तुम्हाला वाटणार, गुडघे, साखर, बीपी, मोतीबिंदू. ते आहेच. पण आज मी त्या दुखण्यावर बोलणार आहे, जे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं सापडत नाही. ते म्हणजे एकटं राहण्याचं दुखणं.

या सोहळ्यासाठी दिंडीच्या जुन्या वह्या बाहेर काढल्यात. त्या मी चाळल्या. दरवर्षीची नावं आहेत, कुणी किती भिशी दिली ते आहे. एखादं नाव सलग वीस-पंचवीस वर्षं दिसतं आणि मग एका वर्षी दिसेनासं होतं. त्यातले पुष्कळ जण वैकुंठवासी झाले. पण सगळे नाही झाले, माउली! कुणाचे गुडघे गेले, कुणाला दिसेनासं झालं, कुणाचा जोडीदार गेला आणि सोबत तुटली. ही माणसं आजही याच पंचक्रोशीत आहेत. वहीतून नाव गेलं, पण माणूस घरात बसून आहे. त्यातल्या कितीतरी घरांत एकच माणूस राहतंय. आज मला त्या नावांबद्दल बोलायचंय.

आधी आपण वारीत काय करतो ते आठवा. पंगत बसली, पानं वाढून झाली, तरी घास तोंडात जाण्याआधी एक जण उभा राहून विचारतो, ‘कोण राहिलंय का?’ रात्री राहुटीत आडवं होण्याआधी शेजारचा शेजाऱ्याला शोधतो. दिवे घाट चढताना एखादी आजी मागं पडली, तर तिची पडशी दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. ती कुठल्या गावची, कुणाची कोण, हे कुणी विचारत नाही.

आणि समाज आरती तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या जमतात, टाळांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात आणि एवढा लाखाचा समाज क्षणात गप्प होतो. मग हरवलं-सापडलं सांगतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाचा टाळ. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी गप्प होत नाही. ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झालं ते विचारतात. त्यांचं ऐकून घेतल्यावरच पुढची आरती होते.

केवढी मोठी गोष्ट आहे बघा! एवढ्या गर्दीत एका दिंडीचं दुखणं ऐकल्याशिवाय आरती पुढं सरकत नाही. हरवलेला चष्मासुद्धा पुकारून मालकाला परत देणारा हा समाज आहे. आता मला सांगा, आपल्याच आळीत एक अख्खा माणूस हरवला, तर तो कोण पुकारणार? त्याच्या हातात टाळ नाही. तो आवाज करत नाही. त्यामुळं सगळ्यांना वाटतं, त्याची काही तक्रारच नाही.

आता थोडी आकडेवारी सांगतो, फार नाही. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसं होती सुमारे 10 कोटी 38 लाख. त्यांतली 100 पैकी 71 खेड्यांत राहणारी. म्हणजे देशाचं म्हातारपण जास्त करून आपल्याच गावांत आहे. आणि तरणी माणसं कुठं आहेत? पुण्याला, भोसरी-चाकणला, मुंबईला, कुणी सुरतेला. मी इथं पोरांना बोल लावायला उभा नाही. दोन-तीन एकर जिरायतीवर चार माणसांचं पोट भरत नाही, पोरगं जाणारच. शहरात त्याची खोली दहा बाय बाराची. आई-बापाला घेऊन गेला, तर ती तिथं आणखी एकटी पडतात. चौथ्या मजल्यावर ना अंगण, ना ओळखीचं तोंड. म्हणून तीच म्हणतात, ‘मला माझ्या गावी सोड.’ मुद्दाम टाकून देणारेही असतात. त्यांच्यासाठी 2007 चा आई-वडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा आहे, त्याचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करता येतो. पण बहुतेक घरांत कुणी वाईट नसतं. सगळे चांगले असतात आणि तरी म्हातारी एकटी असते.

पुंडलिकाची गोष्ट आपण नेहमी पोरांना ऐकवतो. आई-बापाची सेवा सोडली नाही, देवाला विटेवर उभं केलं. खरंच आहे. पण ज्या आजीचा पुंडलिक भोसरीच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला आहे, किंवा जिला मूलबाळच झालं नाही, तिचं काय? तिच्यासाठी पुंडलिक शेजारच्याच घरातून यायला हवा.

आता हे एकटेपण करतं काय, ते सांगतो. पहिला घाला जेवणावर. ‘एकटीसाठी काय चूल पेटवायची?’ हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकलंय. सकाळी दोन भाकरी थापायच्या, त्याच रात्री चहात बुडवून खायच्या. भाजी नाही, डाळ नाही. अंगातली ताकद जाते, चक्कर येते, माणूस पडतो. खुब्याचं हाड मोडलं की अंथरूण. दुसरा घाला झोपेवर. तिसरा गोळ्यांवर. बीपीची गोळी घेतली काय, नाही घेतली काय, विचारणारं कुणी नसतं. चौथा बोलण्यावर. दिवसभर कुणाशी बोलायचं नाही. त्यात ऐकू कमी येतं, म्हणून चार माणसांत जायची लाज वाटते. न गेल्यानं माणूस आणखी आत ओढला जातो.

पुरुषमाणसाची गत निराळी. बायको गेली की त्याला घरात चहाची पूड कुठं असते तेही माहीत नसतं. गावाशी आणि पाहुण्यारावळ्यांशी असलेला सगळा धागा तिच्या हातात होता. ती गेली, धागा तुटला. मग तो पारावर बसतो. पारावरची मंडळीही एकेक करून कमी होतात. असे एक बाबा मला आठवतात. दर बाजारच्या दिवशी दवाखान्यात यायचे. कधी पाठ, कधी छाती, कधी पोट. तपासणीत काही निघायचं नाही. मात्र परत जाताना ते नेहमी एकच वाक्य बोलायचे, ‘बरं वाटलं बोलून.’ औषधाच्या खिडकीवर त्यांना गोळी मिळत होती, पण गुण येत होता तो बोलण्याचा.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. ब्रिटनमध्ये 2018 साली आणि जपानमध्ये 2021 साली सरकारनं एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमले. जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 च्या अहवालात सांगितलं की जगात सहातला एक माणूस या एकटेपणानं त्रस्त आहे आणि दर तासाला सुमारे 100 मृत्यूंशी त्याचा संबंध असावा असा अंदाज आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे, दवाखाने आहेत, त्यांनाही हे कोडं सुटलेलं नाही. आपल्याकडे मात्र दिंडी आहे. ती मोठी गोष्ट आहे, पण तिचा वापर केला तर.

इथं कुणीतरी मनात म्हणत असेल, ‘नाम घेणारा माणूस एकटा कसा? त्याच्यासोबत पांडुरंग आहे.’ बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण संतांनी सांगितलेला एकांत वेगळा आणि हे एकटेपण वेगळं. तुकोबाराय भंडारा डोंगरावर, भामचंद्रावर जाऊन बसत. ते स्वतःच्या इच्छेनं जात आणि परत येऊन देहूत चार माणसांत कीर्तनाला उभे राहत. एकांत आपण होऊन निवडलेला असतो, त्यातून माणूस भरून परत येतो. एकटेपण अंगावर येऊन पडतं आणि माणसाला रितं करतं. आणि आपला संप्रदाय मुळात चार माणसांचा आहे. काला एकट्यानं होतो का? रिंगण एकट्यानं होतं का?

आता एक गोष्ट नीट ऐका, विशेषतः तरुणांनी. दुःख आणि आजार यांत फरक आहे. जोडीदार गेला, माणूस रडलं, ते साहजिक आहे. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन खाली खालीच आहे, पूर्वी ज्यात रस होता त्यातला रस गेलाय, हरिपाठाला येणं बंद झालंय, भूक नाही, पहाटे तीनला जाग येऊन डोळा लागत नाही, अंग सारखं दुखतंय, ‘माझा कुणाला काय उपयोग’ असं बोलणं वाढलंय, तर तो आजार असू शकतो. त्याला डॉक्टर नैराश्य म्हणतात. ‘म्हातारपणी असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नका. ‘भक्ती कमी पडली’ असं तर अजिबात म्हणू नका. साखर वाढली तर आपण भक्तीला दोष देतो का? मग इथं का द्यायचा? यावर उपचार आहेत, म्हातारपणीही गुण येतो. कधी थायरॉइड किंवा रक्तातली कमतरता हेही कारण निघतं, तेव्हा तपासणी करून घ्यावी. सरकारी जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर असतात. 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, मनाच्या त्रासासाठी, फोनला पैसे पडत नाहीत. 14567 हा ज्येष्ठांसाठीच्या मदतीचा नंबर आहे. दोन्ही घरात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आणखी एक. आपली म्हातारी माणसं सहज म्हणतात, ‘आता पांडुरंगानं उचलावं.’ पुष्कळदा ती बोलायची रीत असते. पण तेच माणूस अचानक वस्तू वाटून टाकायला लागलं, निरोप घेतल्यासारखं बोलायला लागलं, तर हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसून स्पष्ट विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणसाला मोकळं व्हायला वाट मिळते. हो म्हणालं तर त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि फवारणीची औषधं घरात उघड्यावर ठेवू नका, कुलपात ठेवा. एवढ्या एका गोष्टीनं जीव वाचतात.

मग जायचं कसं, बोलायचं काय? संतांच्या घरातच दोन दाखले आहेत. पहिला मुक्ताबाईचा. लोकांच्या बोलण्यानं मन दुखावलं आणि ज्ञानोबा माउली झोपडीची ताटी लावून आत बसले, असं परंपरा सांगते. साक्षात माउलींनाही दार लावून घ्यावंसं वाटलं! तेव्हा धाकटी बहीण दाराशी आली. ती निघून गेली नाही. ‘बसू दे, राग गेला की येतील बाहेर’ असं म्हणाली नाही. दाराबाहेर उभी राहून बोलत राहिली. त्यातूनच ताटीचे अभंग आले. आपल्याला एवढंच घ्यायचंय की लावलेलं दार बघून परत फिरायचं नाही. ‘मला काही नको, तुम्ही जावा’ असं आतून आलं, तरी पुढच्या एकादशीला पुन्हा जायचं.

दुसरा दाखला जनाबाईचा. पौर्णिमेच्या काल्याला गोपाळपूरला जातो तेव्हा आपण तिचं जातं बघतो. देव तिच्याकडे आला, तेव्हा त्यानं तिला उपदेश केला नाही, तिच्याबरोबर दळायला बसला, असं आपण मानतो. म्हणून एकट्या माणसाच्या घरी गेलात तर ‘असं करा, तसं करू नका’ याची माळ लावू नका. शेंगा फोडायच्या असतील तर फोडू लागा. तांदूळ निवडू लागा. हाताला काम असलं की तोंड आपोआप उघडतं. आणि जाताना फराळाचा डबा न्याल, तो तिथं बसून बरोबर खा. डबा ठेवून निघून आलात, तर तो धर्मादाय झाला. सोबत झाली नाही.

यापुढची पायरी महत्त्वाची आहे. म्हाताऱ्या माणसाला भेट देऊन भागत नाही, त्याच्याकडे काही मागावंही लागतं. आपला कुणाला उपयोग उरला नाही, हेच खरं शल्य असतं. आपल्या दिंडीच्या जुन्या चाली आज किती जणांना येतात? काकड्याच्या काही चाली फक्त घरी बसलेल्या तीन-चार जणांच्या गळ्यात उरल्यात. पखवाजाचे काही बोल तसेच. पोरांनो, मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जा. ‘बाबा, ही चाल शिकवा’ म्हणा. उतरवून घ्या, चुकलं तर त्यांचा ओरडा खा. त्यात तुमचाही फायदा आहे. ही माणसं गेली की चाल गेली, मग पुढच्या 100 वर्षांत आपण काय गाणार?

आता शेवटचं आणि कामाचं. शताब्दीनिमित्त कमान करायची, सभामंडपाला फरशी बसवायची, असे ठराव झालेत. ते व्हावेत. माझा ठराव बिनपैशाचा आहे. दिंडीची एक दुसरी वही करावी. तिच्यात वारीला येऊ न शकणाऱ्यांची, एकट्यानं राहणाऱ्यांची नावं लिहावीत. जातपात, भाऊबंदकी, मागच्या निवडणुकीत कोण कुणाकडं होतं, काही बघू नये. माळकरी नसला तरी नाव लिहावं. प्रत्येक नावासमोर चालत्या दिंडीतल्या दोघांची नावं असावीत. दोन अशासाठी, की एकाला अडचण आली तर दुसऱ्यानं जावं. वर्षाला एकादशी 24 येतात, अधिक मासाच्या वर्षी 26. दर एकादशीला त्या घरी जायचं. नुसतं पाया पडून निघायचं नाही, चहा होईपर्यंत बसायचं. गोळ्या आहेत का बघायचं. आणि उपवासाच्या नादात साखरेच्या आजाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता उपाशी राहू नये, तेही सांगायचं.

आषाढात आपण निघालो की त्या घरांवर जास्त शांतता पडते. कारण जे थोडेफार ये-जा करत होते, तेही वारीत जातात. म्हणून मुक्कामावर पोचलं की त्या दोघांतल्या एकानं रोज फोन करायचा. ‘माउली, आज लोणंदला आहोत. आज तरडगावला आलो, चांदोबाच्या लिंबाला रिंगण झालं. आज वाखरी.’ दोन मिनिटं लागतात. ज्यानं वीस वर्षं ती वाट चालली, त्याला गावाचं नुसतं नाव सांगितलं की पुढचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहतं. घरात बसून त्याची वारी होते. परत आल्यावर बुक्का आणि प्रसाद आधी त्या घरी जावा, मग आपल्या घरी.

घरी बसलेल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. आज काही जणांना गाडी पाठवून इथं आणलंय, म्हणून समोरासमोर सांगतो. कुणी दारात आलं तर ‘माझ्यासाठी कशाला त्रास’ म्हणू नका. वारीत तहान लागली की आपण अनोळखी माणसाच्या तांब्यानं पाणी पितो, तेव्हा लाजतो का? मग इथंही लाजू नका. मन जड झालं तर एका तरी माणसाला सांगा. तुमच्या हातात टाळ नसेल, पण तोंड आहे. आवाज करा. कुणीतरी येऊन विचारेपर्यंत करा.

वही आणलेली आहे. मंडपाच्या दाराशी, बुक्क्याच्या ताटाशेजारी ठेवलीय. डाव्या बाजूला 17 नावं मी आणि आशाताईंनी मिळून लिहिलीत. उजवी बाजू कोरी आहे. काही नावं आमच्या नजरेतून सुटली असतील, तुम्हाला ठाऊक असतील ती भरा. आता थोड्या वेळात पंगत बसेल. जेवायला बसण्याआधी प्रत्येकानं दाराशी जाऊन एका घरासमोर आपलं नाव लिहावं आणि त्या घरी आज रात्रीच ताट न्यावं.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! रामकृष्ण हरी.